तुमचा धंदा कोणता?

इटली देशाच्या उत्तर भागात मोडेना नावाचे एक जुने शहर आहे. तीनशे वर्षांपूर्वी तेथील घरे एकमेकांस लागून व अनेक मजल्यांची असत. शौचकूपांतील मैला घराखालच्या खोल खड्ड्यात साचे आणि दर तीन वर्षांनी तो मजुरांकरवी उपसून काढण्याची रीत होती. एकदा बर्नार्दिनो रामात्सीनी या वैद्यांच्या घरी हे काम चालले होते.

रामात्सीनी ते पाहावयास गेले. खड्ड्यात उतरलेला मजूर जिवाच्या आकांताने काम उरकत होता. त्यांना त्याची दया आली. एवढी घाई कशासाठी, सावकाश केलेस तर थकवा कमी येईल, असे त्यांनी त्याला सुचविले. मजुराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. ज्याने हे काम केले नाही त्याला याची कल्पना यावयाची नाही. येथे चार तासांहून अधिक थांबणे म्हणजे आंधळे होणेच, असे त्याने सांगितले.

तो वर आल्यावर रामात्सीनींनी त्याचे डोळे तपासले. ते लाल होऊन सुजले होते. यावर तुम्ही लोक काय उपाय करता, असे त्यांनी विचारले. घरी जाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहावयाचे आणि मधूनमधून कोमट पाण्याने डोळे धुवावयाचे, एवढाच त्यांचा उपाय होता. पुढे शहरात भीक मागणाऱ्या आंधळ्यांमध्ये याच धंद्यातील माणसे रामात्सीनींना आढळली.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. या मजुरांच्या खिशातील तांब्याची नाणी काळी पडत. म्हणजे खड्ड्यातील हवेतच काहीतरी असले पाहिजे! रामात्सीनींना ती आम्लाची वाफ वाटली. तर्काची दिशा बरोबर होती. नाव मात्र चुकले. रसायनशास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते, त्यामुळे हा दोष त्यांचा नव्हे. मैला कुजू लागला म्हणजे हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निर्माण होतो, हे आज आपणांस ठाऊक आहे. त्याला कुजलेल्या अंड्यांसारखी दुर्गंधी असते. तो थोडा असला तर डोळे चुरचुरतात. त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. दुर्गंधी गेली असे माणसास वाटते आणि काही श्वासांतच तो कोसळतो.

त्या मजुराचे उत्तर रामात्सीनी विसरले नाहीत. १७०० साली त्यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी ते भट्ट्यांत व कारखान्यांत स्वतः गेले. विद्वान वैद्याने अशा ठिकाणी पाऊल ठेवावे, हे त्या काळी नवलाचेच होते. मातीच्या भांड्यांस चकाकी आणण्यासाठी कुंभार शिसे वापरत. त्यांचे हात थरथरत व पुढे लुळे पडत. पाव भाजणाऱ्यांच्या छातीत पिठाची धूळ जाऊन त्यांचा आवाज बसे. लेखनिकांचा धंदा वरवर सुखाचा दिसतो. परंतु सतत बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण यांनी तेही आजारी पडतात, असे त्यांनी नोंदवून ठेवले.

रोग्याला कोणकोणते प्रश्न विचारावेत, हे ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याने पूर्वीच सांगितले होते. रामात्सीनींनी त्यांत एका प्रश्नाची भर घातली : ‘तुमचा धंदा कोणता?’ गरिबाच्या घरी गेल्यावर वैद्याने साध्या तिपाईवर बसावे, परंतु घाई करू नये, असेही त्यांचे सांगणे होते.

तथापि रोगाचे कारण कळले म्हणून तो लगेच थांबतो असे नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये धुराडी साफ करण्यासाठी तुमच्याहूनही लहान मुलांना आत चढवीत. अशा मुलांना पुढे काजळीमुळे त्वचेचा कर्करोग होतो, हे लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवून दिले. मध्यंतरी कायदे झाले, पण कोणी ते पाळीनात. धुराड्यांत मुले चढविणे खरोखर बंद पडले ते १८७५ च्या कायद्याने. मधल्या शंभर वर्षांत किती मुले चढली असतील!

आपल्या देशात २०१३ सालच्या कायद्याने, संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात अथवा मैल्याच्या टाकीत उतरवून सफाई करून घेणे हा गुन्हा ठरला. त्यानंतरही महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा टाक्यांत उतरलेले कामगार विषारी वायूने मरण पावले आहेत. कित्येकदा पहिल्यास वाचविण्यासाठी धावलेला दुसराही. आतील वायू मोजणारे यंत्र हातात मावेल एवढे असते. ते दोरीने खाली सोडले की काही मिनिटांत धोका कळतो.