हाक कुणाची, कशासाठी?

मी चंद्रपूरकडचा. ताडोबाचे जंगल जवळ, तेव्हा रानाची भाषा आपल्याला कळते, असा माझा समज होता. एका एप्रिलच्या पहाटे तो मोडला. मोहफुले वेचणाऱ्यांसोबत निघालो होतो. बांबूच्या आडून घोगरी, खरखरीत आरोळी आली. मी थबकलो. म्हटले, "चितळ ओरडलं, वाघ असेल." पुढे चालणारे मामाजी हसले. "भेला नाही जी तो, बलावून रायला!"

ती माजावर आलेल्या नराची हाक होती. आपल्याकडे चितळांचा माज मुख्यत्वे उन्हाळ्यात असतो. मान ताणून, जाड आवाजात ओरडतो तो फक्त नर. धोक्याची हाक वेगळी. ती नरही देतो, मादीही देते. ती आखूड, टोकदार, शिट्टीसारखी असते आणि थांबून थांबून पुन्हा येते. तेव्हा कळप चरायचा थांबतो, शेपट्या उभ्या होतात, पुढचा पाय जमिनीवर आपटला जातो आणि सगळ्यांचे कान एकाच दिशेला लागतात. सांबराची 'ढांक' याहून मोठी. सांबर उगाच ओरडत नाही, म्हणून जाणते लोक तिला अधिक मानतात.

आता नर ओळखायचा कसा? शिंगे फक्त नरालाच, हे खरे. पण ती दरवर्षी गळतात आणि मखमली कातडीखाली पुन्हा वाढतात. चितळांत सगळ्यांची शिंगे एकाच वेळी गळत नाहीत. त्यामुळे एकाच कळपात कुणाची शिंगे पक्की, कुणाची मखमलीतली, तर कुणाचे डोके मोकळे. अशा वेळी अंगलट पाहावी. नर थोराड, मानेने जाड, चेहऱ्याने काळसर, मादी सडपातळ.

जिप्सीत बसलेल्या पर्यटकाला हे कळले नाही तर एक फोटो हुकेल. मोह वेचणाऱ्या बाईचे तसे नाही. फुले पहाटे गळतात, आणि वाघाच्या फिरण्याचीही तीच वेळ. ती वाकलेली, नजर जमिनीवर. तिला कानांचाच आधार. प्रत्येक आरोळीला पळाली तर हंगाम बुडेल, आणि एका खऱ्या हाकेकडे दुर्लक्ष केले तर जीव जाईल. शिवाय रान गप्प आहे म्हणजे वाघ नाही, असेही नसते. म्हणून ही माणसे एकेकटी जात नाहीत.

त्या दिवशी थोड्या वेळाने दुसरी हाक आली. बारीक, टोकदार, मग पुन्हा एकदा. मामाजी या वेळी हसले नाहीत. त्यांनी नुसता हात वर केला. बायांनी टोपल्या उचलल्या आणि एकमेकींना धरून मागे वळल्या. वाघ कुणालाच दिसला नाही. अर्ध्या दिवसाची कमाई झाडाखाली पडून राहिली. त्याबद्दल परतीच्या वाटेवर एकीनेही तक्रार केली नाही.