अर्ध्यावर सुटलेली पदवी पुढे कशी न्यायची?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात कॉलेज सुटायला फार मोठे कारण लागत नाही. गडचांदूर किंवा राजुऱ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचे लग्न होते आणि ती सीमेपलीकडे आदिलाबादकडे नांदायला जाते. मुलगा आवारपूर किंवा उपरवाहीच्या सिमेंट कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला लागतो. एखाद्या साली कापूस हाती येत नाही आणि घरून फी निघत नाही. चार-पाच वर्षांनी पदवी पुरी करावीशी वाटते तेव्हा बहुतेकांची समजूत एकच असते, की आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. निदान अलीकडे कॉलेज सोडलेल्यांसाठी ही समजूत आता खरी राहिलेली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम लागू केले. क्रेडिट हे शिकलेल्या वेळेचे माप आहे. वर्गातले साधारण 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास म्हणजे एक क्रेडिट. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात. पहिले वर्ष पुरे करून थांबलेल्याला प्रमाणपत्र आणि दोन वर्षे केलेल्याला पदविका मिळू शकते. मात्र त्यासाठी ठरवून दिलेला जोड अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. मिळवलेली क्रेडिट या बँकेत जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात आणि ती दुसऱ्या विद्यापीठात, अगदी दुसऱ्या राज्यातही, वापरता येतात. एकदा एका पदवीसाठी वापरलेले क्रेडिट मात्र दुसरीसाठी चालत नाही.

इथे एक हिशेब आधीच समजून घ्यायला हवा, कारण फसगत नेमकी त्यातच होते. पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. समजा, एखादीने दोन वर्षांत 88 क्रेडिट मिळवली आणि नवी पदवी 132 क्रेडिटची आहे. मग बाहेरची फार तर 66 धरली जातील आणि उरलेली 66 नव्या विद्यापीठातच करावी लागतील. म्हणजे दोन वर्षे झाली, आता एकच वर्ष उरले, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय विषय जुळावे लागतात. बी.ए.चा मराठी साहित्याचा पेपर बी.कॉम.मधल्या लेखाशास्त्राच्या जागी बसणार नाही. तरीही हातात 66 येणे म्हणजे जवळपास दीड वर्ष वाचले. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्याला ते फार आहे.

बँकेत क्रेडिट विद्यार्थ्याला स्वतः भरता येत नाहीत. ती विद्यापीठच चढवते. विद्यार्थ्याने डिजिलॉकरवरून आपले खाते उघडून 12 अंकी अपार क्रमांक घ्यायचा आणि तो कॉलेजला द्यायचा. गाडी बहुधा अडते ती नावावर. गुणपत्रिकेवर मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते, तर लग्नानंतर बदललेल्या आधारवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव असते. एकाच बाईची ही दोन नावे संगणकाला दोन माणसे वाटतात. ही दुरुस्ती प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.

जुन्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. ही बँक 2021-22 पासूनच्या शिक्षणासाठी आहे. या भागातली कॉलेजे आता ज्याच्याकडे आहेत ते गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये गडचिरोलीला स्थापन झाले. त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोलीची कॉलेजे नागपूर विद्यापीठाकडे होती, म्हणून त्या काळातल्या गुणपत्रिकांसाठी नागपूरलाच जावे लागते. अशा सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मागच्या वर्षांचे काय धरायचे, हे नवे विद्यापीठ आपल्या नियमाने ठरवते. त्यांनी जुन्या गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत आणि स्थलांतर प्रमाणपत्र हाताशी ठेवावे.

घरी राहून शिकण्याच्या वाटा दोन आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून दूरशिक्षण देते. तिथे छापील पुस्तके आणि अभ्यासकेंद्र असते, आणि ज्या गावात नेटचा भरवसा नाही तिथल्या विद्यार्थ्याला हीच वाट सोयीची. ऑनलाइन पदवीत शिकवणे इंटरनेटवरून चालते. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच ग्राह्य असल्याचे आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. पण अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी आणि कायद्याच्या पदव्या या मार्गांनी देता येत नाहीत. ‘घरबसल्या नर्सिंगची पदवी’ म्हणणारा एजंट दारात आला तर त्याला तिथूनच परत पाठवावे.

खरी अडचण माहितीची आहे. नियम दिल्लीत होतात आणि खेड्यातल्या मुलीपर्यंत ते कानोकानी, अर्धवट पोहोचतात. प्रत्येक कॉलेजने शिक्षण सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला टी.सी. देतानाच त्याच्या खात्यात किती क्रेडिट चढली आहेत, हे लिहून द्यायला हवे. त्याला वेगळा खर्च लागत नाही.

आणि पुन्हा शिकायला निघालेल्यांना एवढेच सांगणे आहे: नव्या विद्यापीठाची मान्यता आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहा, तुमची किती क्रेडिट कोणत्या विषयांसाठी धरली हे लेखी मागा, आणि तो कागद हातात पडल्याशिवाय फी भरू नका.