खिशात की खांद्यावर?

कॅमेऱ्याशी ओळख : लेखांक ६

कॅमेऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बजेट किती?’ आकडा सांगितला की त्या रकमेत बसणारी सगळ्यात मोठी बॉडी काउंटरवर येते. सोबत १८-५५ची किट लेन्स, एक बॅग, एक मेमरी कार्ड. बऱ्याच घरांत ती बॅग मुंजीला, लग्नाला आणि एखाद्या केरळच्या सहलीला बाहेर निघते आणि मग कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसते. कॅमेरा चांगलाच असतो. पण फोटो कशाचे काढायचे आहेत आणि कॅमेरा रोज जवळ बाळगला जाणार आहे का, हे कुणी विचारलेलंच नसतं.

मागच्या लेखांकात सेन्सरवर प्रकाश पडल्यावर त्याचं चित्र कसं होतं ते पाहिलं. आता त्याच्याच पुढचा, खरेदीच्या वेळी हमखास अडवणारा प्रश्न घेऊ: लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घ्यावा, की खिशात मावणारा कॉम्पॅक्ट?

प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. जर्मनीतल्या वेट्झलर गावी, लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बर्नाक नावाचा यंत्रज्ञ काम करत असे. त्याला फोटोग्राफीची हौस होती आणि दम्याचा त्रासही होता. काचेच्या प्लेटा आणि जड कॅमेरा पाठीवर घेऊन हिंडणं त्याला झेपत नसे. १९१४च्या सुमारास त्याने सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरून हातात मावणारा कॅमेरा स्वतःसाठी बनवला. सिनेमाची चौकट १८ × २४ मिमीची होती. त्याने ती दुप्पट करून २४ × ३६ मिमी केली. १९२५ साली हाच कॅमेरा ‘लायका’ नावाने बाजारात आला. पहिल्या लायकाची लेन्स पक्की बसवलेली होती, बदलता येणारी लेन्स १९३०मध्ये आली. आज ‘फुल फ्रेम’ म्हणून ज्या मापाला मोठेपणाचा मान मिळतो, ते माप एका दमेकरी माणसाने ओझं कमी करण्यासाठी निवडलेलं आहे.

आता आकडे पाहू, कारण कॅमेऱ्याचा आकार बघून सेन्सरचा अंदाज बांधला की हमखास फसगत होते. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी. बहुतेक मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत असतो तो एपीएस-सी सेन्सर सुमारे ३६७ चौरस मिमी. ‘१ इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचा, म्हणजे ११६ चौरस मिमी. आणि साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिमी. सेन्सर जितका मोठा तितका त्यावर एकूण प्रकाश जास्त, आणि प्रकाश जास्त तितका अंधारातला रवाळपणा कमी.

निकॉनचा पी१००० हा २०१८ सालचा कॅमेरा हातात घेतला तर १४१५ ग्रॅम भरतो. त्याचा रुबाब व्यावसायिक कॅमेऱ्याचा आहे. आत सेन्सर मात्र तोच १/२.३ इंची. शिवाय लेन्स बदलता येत नाही. हे सगळं वजन आहे त्याच्या १२५ पट झूमचं. उलट २०१९ सालचा रिकोचा जीआर ३ फक्त २५७ ग्रॅमचा, शर्टाच्या खिशात राहणारा, आणि त्यात एपीएस-सी सेन्सर. निकॉनच्या त्या भरभक्कम कॅमेऱ्यापेक्षा तेरापट मोठा! म्हणून ‘मोठा की छोटा’ हे विचारण्याआधी आत काय आहे ते विचारावं.

मग रिकोसारखा छोटा कॅमेरा घेऊन सगळंच का भागत नाही? कारण रिकोला झूमच नाही. १८.३ मिमीची एकच लेन्स आहे, ती कायमची. कॉम्पॅक्टमध्ये मोठा सेन्सर बसवता येतो, पण त्या सेन्सरला साजेशी लांब पल्ल्याची लेन्स खिशात बसवता येत नाही. याचं कारण भूमितीत आहे. एफ-नंबर म्हणजे फोकल लेंथ भागिले प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास. निकॉनच्या २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्सचं गणित करून पाहा: ५०० भागिले ५.६, म्हणजे ८९ मिमी. इतका रुंद झोत आत यायचा तर पुढची काच त्याहून लहान असून चालणारच नाही. म्हणूनच या लेन्सला ९५ मिमीचा फिल्टर लागतो आणि तिचं वजन २.३ किलो आहे. कुठल्याही कंपनीने कितीही अक्कल लढवली तरी ही काच लहान होणार नाही.

भिगवणला हा फरक समोरासमोर दिसतो. उजनीच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब उतरतात, कुंभारगावचे मच्छीमार पहाटे होडीतून पाहुण्यांना घेऊन निघतात. होडी हलत असते, ऊन अजून कोवळं असतं, आणि थवा उडाला की पंख गोठवायला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा शटर लागतो. एकाकडे एपीएस-सी बॉडीवर ती २००-५०० लेन्स आहे आणि दुसऱ्याकडे पॅनासॉनिकचा टीझेड ९० हा ३० पट झूमचा, ३२२ ग्रॅमचा कॉम्पॅक्ट आहे, असं समजू. पूर्ण झूम केल्यावर दोघांच्या चौकटीत रोहित जवळजवळ सारखाच मोठा दिसतो. जाहिरातीत एवढंच सांगितलेलं असतं. पण कॉम्पॅक्टची खरी फोकल लेंथ तेव्हा १२९ मिमी असते आणि एफ-नंबर ६.४, म्हणजे छिद्र फक्त २० मिमीचं. पहिल्याकडे येणारा प्रकाश जवळजवळ वीसपट. दुसऱ्याला आयएसओ वाढवावा लागतो आणि गुलाबी पिसांचा चिखल होतो. थव्याच्या मागे फोकस पळवण्यातही छोटा कॅमेरा मागे पडतो. पक्षी, वाघ, क्रिकेटचा सामना, प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेतून टिपायचं नाटक, यांसाठी खिशातला कॅमेरा घेऊन मन मारू नये. तिथे खांद्यावरचं ओझं अटळ आहे.

पण यावरून ‘मोठा तो चांगला’ हा निष्कर्ष काढला, तर पुढचा आकडा बुचकळ्यात टाकेल.

सोनीचा आरएक्स १०० हा कॅमेरा २०१२ साली आला. वजन २४० ग्रॅम, १ इंची सेन्सर, रुंद टोकाला १०.४ मिमी फोकल लेंथ आणि एफ/१.८. भागाकार केला की छिद्र निघतं ५.८ मिमी. आता एपीएस-सी कॅमेऱ्यावरची नेहमीची किट लेन्स घेऊ: रुंद टोकाला १८ मिमी, एफ/३.५. छिद्र ५.१ मिमी. दोन्ही कॅमेरे साधारण तेवढंच दृश्य टिपतात. म्हणजे दिवाणखान्यात वाढदिवसाचा केक कापला जात असताना खिशातला कॅमेरा मोठ्या कॅमेऱ्याइतकाच, किंबहुना किंचित जास्त प्रकाश गोळा करतो. झूम पुढे नेला की किट लेन्स थोडी सरस ठरते, पण लोकांना वाटतं तेवढं ते अंतर मुळीच नाही.

मोठ्या कॅमेऱ्याची ताकद बॉडीत नाही, तिच्यावर चढणाऱ्या लेन्समध्ये आहे. त्याच बॉडीवर किट लेन्स काढून ५० मिमी एफ/१.८ लावली तर छिद्र एकदम २८ मिमीचं होतं. कॅननची अशी लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि लेन्सच्या बाजारात सर्वांत स्वस्त गणल्या जाणाऱ्यांपैकी आहे. आजीचा चेहरा स्वच्छ आणि मागची भिंत विरघळलेली, असा फोटो ती खिडकीच्या उजेडात देते. तिथे आरएक्स १०० तिच्या जवळपासही येत नाही. कॅमेरा घेऊन वर्ष-दोन वर्षांत दुसरी लेन्स घेतली जाणार नसेल, तर लेन्स बदलण्याच्या सोयीसाठी मोजलेले पैसे वाया गेले असं स्पष्ट म्हणावं लागेल. आणि घेतली जाणार असेल, तर ते पैसे टिकतात. बॉडी जुनी होते, लेन्स होत नाही; निकॉनचा एफ माउंट १९५९पासूनचा आहे आणि त्यावरच्या कितीतरी जुन्या लेन्स आजच्या बॉडीवर चालतात.

कॉम्पॅक्टची बाजू केवळ वजनाची नाही. मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेतले ॲलेक्स मायोली यांनी २००३ साली काँगो आणि इराकमध्ये ऑलिम्पसच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर युद्धाचं वार्तांकन केलं. त्यांना मोठे कॅमेरे परवडत नव्हते असं नाही. जपानचे दाइदो मोरियामा यांनी तोक्योचे रस्ते वर्षानुवर्षं रिकोच्या जीआर मालिकेतल्या खिशातल्या कॅमेऱ्यांनी टिपले. मोठी लेन्स रोखली की माणसं सावरून उभी राहतात, पदर नीट करतात, हसणं थांबवतात. छोटा कॅमेरा बघून बहुतेकदा कुणी दखलही घेत नाही. शिवाय बऱ्याच कॉम्पॅक्टचा शटर लेन्सच्या आतच असल्याने त्याचा आवाज जवळजवळ नसतोच. कीर्तन चालू असताना या गोष्टीला फार किंमत आहे.

कासच्या पठारावर तर लहान सेन्सर हाच फायद्याचा ठरतो. २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या पश्चिम घाटातल्या ठिकाणांपैकी हे एक. सीतेच्या आसवांचं निळं-जांभळं फूल नखाएवढं असतं. फुल फ्रेम आणि मॅक्रो लेन्सने ते जवळून टिपायला गेलं तर एक पाकळी फोकसमध्ये येते आणि दुसरी धूसर राहते. ॲपर्चर बारीक करावं तर वाऱ्यात हलणाऱ्या फुलासाठी शटर पुरत नाही. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात अख्खं फूल सहज स्पष्ट येतं. आणि पाऊलवाटेवरूनच हात लांब करून, पडदा वर वळवून फोटो काढता येतो. फुलांत पाय ठेवावा लागत नाही, ही त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट.

फोनचा हिशेब इथे करायलाच हवा. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१०मध्ये जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले आणि त्यातले बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. २०२०मध्ये सगळे मिळून १ कोटीही भरले नाहीत. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर आता १/२.३ इंचीपेक्षा मोठा असतो आणि एका क्षणात अनेक चित्रं घेऊन फोन ती एकत्र जुळवतो. म्हणून लांब झूम नसलेला, लहान सेन्सरचा स्वस्त कॉम्पॅक्ट आज घेऊ नये. १ इंची किंवा एपीएस-सी सेन्सर असेल तरच वेगळा कॅमेरा बाळगण्याला अर्थ आहे. २०२४मध्ये आलेल्या फुजीफिल्मच्या एक्स१०० सहासारख्या कॅमेऱ्यांना म्हणूनच मागणी आहे. पण त्याचं वजन ५२१ ग्रॅम आहे. परदेशी परीक्षणांत त्याला जॅकेटच्या खिशातला कॅमेरा म्हणतात. आपल्या हवेत वर्षातले बहुतेक महिने अंगावर जॅकेट नसतं, तेव्हा तो गळ्यातच राहणार हे धरून चालावं.

मधला रस्ता आहे. २००८मध्ये पॅनासॉनिकच्या जी१ने मोठ्या कॅमेऱ्याच्या बॉडीतला, दृश्य डोळ्यापर्यंत पोचवणारा आरसा काढून टाकला आणि लेन्स बदलता येणारे कॅमेरे बारीक होऊ लागले. सोनीच्या २०१४च्या ए६०००ची बॉडी ३४४ ग्रॅमचीच आहे. त्यावर चपटी, झूम नसलेली लेन्स ठेवली तर हा संच लहानशा पर्समध्ये जातो. लांब झूम चढवला की ओझं पुन्हा होतं तेवढंच होतं. आरसा गेला तरी लेन्सची भूमिती बदलत नाही.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळाही मोजावा. कपाटात बंद चामडी बॅग ही लेन्सला बुरशी लागण्याची सर्वांत खात्रीची जागा आहे. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता राखली तर लेन्स सुरक्षित राहतात, पण ही निगा चार लेन्सना चौपट लागते. लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते. ती निदान साफ करता येते. कॉम्पॅक्टच्या पक्क्या लेन्समागे धूळ शिरली तर अख्खा कॅमेरा खोलावा लागतो.

तेव्हा या लेखमालेचा कौल असा: पक्षी, वन्यजीव, खेळ, रंगमंच किंवा पोर्ट्रेट यांपैकी एकाचा तरी ध्यास असेल, तर मधल्या किमतीची बॉडी घ्यावी आणि वाचलेले पैसे लेन्सवर घालावेत. घर, प्रवास, गडकोट, रस्ते आणि माणसं टिपायची असतील, तर मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट घ्यावा आणि तो रोज सोबत न्यावा. दोन्हींत ठरत नसेल, तर दुकानात जाण्याआधी फोनमधले गेल्या वर्षभरातले फोटो उघडावेत. झूम करून बिघडलेले किती आहेत आणि अंधारात बिघडलेले किती, ते कागदावर मांडावं. पहिला ढीग मोठा असेल तर लेन्स हवी, दुसरा असेल तर सेन्सर.

किट लेन्सनंतरची पहिली लेन्स कोणती घ्यावी, ते पुढच्या आठवड्यात.