आजारी पक्ष्याला दवाखान्यात नेताना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतील सातवीच्या एका मुलीकडे बजरीगरांची जोडी होती. (बाजारात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड्स’ म्हणून विकतात, ते बहुधा हेच मूळचे ऑस्ट्रेलियातील पक्षी असतात.) जोडीतला नर दोन दिवस पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून होता. तिने त्याला हातरुमालात गुंडाळले. थंडी वाजू नये आणि निसटूही नये म्हणून मुठीत घट्ट धरले आणि वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून ती पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. वीस मिनिटांचा रस्ता. डॉक्टरांनी रुमाल उलगडला, तेव्हा पक्षी मेलेला होता. ‘छाती दाबली गेली असावी,’ एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला विचारले, ‘त्याची चोच आणि नाक मी उघडे ठेवले होते. मग तो गुदमरला कसा?’

त्याच महिन्यात आम्ही त्या वर्गाला श्वसन शिकवले होते. फळ्यावर माणसाची आकृती काढून ‘पक्षीही फुप्फुसांनी श्वसन करतात’ असे एक वाक्य सांगितले होते आणि पुढे गेलो होतो. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नव्हते.

छाती हाच भाता

आपल्या फुप्फुसांखाली श्वासपटल हा स्नायूंचा पडदा असतो. तो खाली सरकला की छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. बरगड्या थोड्या दाबल्या गेल्या, तरी श्वासपटल आपले काम करत राहते.

पक्ष्यांमध्ये असे श्वासपटल नसते. त्यांची फुप्फुसे पाठीकडच्या बरगड्यांना चिकटलेली असतात आणि आपल्यासारखी फुगत नाहीत. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पातळ पिशव्या असतात. बहुतेक पक्ष्यांत त्या नऊ असतात. उरोस्थी म्हणजे छातीचे हाड खाली-पुढे सरकले की या पिशव्या पसरतात व हवा आत येते. हाड वर उचलले गेले की हवा बाहेर पडते. लोहाराच्या भात्यासारखेच हे काम. भाता आवळून धरला, तर त्याची नळी कितीही मोकळी असो, वारा येणार नाही.

वर्गात हे दाखवायला एक मऊ प्लास्टिकची रिकामी बाटली पुरते. बाटली दाबा, हवा बाहेर जाते. सोडा, आत येते. आता ती दाबलेल्या स्थितीतच धरून ठेवा. बाटलीचे तोंड उघडे आहे, तरीही नवी हवा येत नाही. मुठीतल्या पक्ष्याचे नेमके हेच झाले होते.

म्हणून पक्षी हातात धरायचाच असेल, तर आधी पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि खोलीत अंधार करावा. अंधारात पक्षी सहसा शांत होतो. पातळ रुमालाने अलगद उचलून डोके दोन बोटांमध्ये सैल आधाराने धरावे. पाठ तळहातावर टेकलेली असावी आणि छातीवर एकही बोट दाबलेले नसावे. प्रवासात मात्र पक्षी हातात नकोच.

बुटांचे खोके

बजरीगराचे वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम असते. त्याला नेण्यासाठी पुठ्ठ्याचे बुटांचे खोके चांगले. बाजूंना पेन्सिलीएवढी दहाबारा भोके पाडावीत. तळाला साधा, न छापलेला कागद अंथरावा. काठी, झोका, आरसा असे काही आत ठेवू नये. वाहन हिसका देते, तेव्हा आजारी पक्षी त्यावर आपटतो. थोडे दाणे तळावर पसरावेत, कारण लहान पक्ष्याला फार वेळ उपाशी राहणे झेपत नाही. पाण्याची वाटी ठेवली तर ती सांडून पक्षी भिजेल. त्याऐवजी काकडीची एक चकती ठेवावी. मोठ्या पोपटाला मात्र पुठ्ठा पुरत नाही, तो कुरतडून बाहेर येतो. त्याला पक्का लहान पिंजरा हवा आणि त्यावर कापड.

त्या सकाळी पिंजरा साफ करू नये. तळाचा कागद तसाच घडी घालून सोबत न्यावा. विष्ठेतला घट्ट हिरवट भाग, पांढरा भाग आणि पाणी यांवरून डॉक्टरांना बरेच काही कळते. आपला पक्षी काय खातो आणि कधीपासून सुस्त आहे, हेही लिहून न्यावे. सगळेच पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावे.

थंडी, ऊन आणि धूर

पक्ष्यांच्या शरीराचे तापमान सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. शरीर जितके लहान, तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त आणि उष्णता जाण्याचा वेगही जास्त. आजारी पक्षी पिसे फुलवतो, तो त्यांत हवेचा थर अडकवून ऊब टिकवण्यासाठी. हिवाळ्यात कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूलाच बांधावी. फार उकडले, तर पक्ष्याला दुसऱ्या बाजूला सरकता आले पाहिजे.

आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत धोका उलटा असतो. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकत, श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर सोडून त्यांना शरीर थंड करावे लागते. चोच उघडी आणि पंख अंगापासून दूर धरलेले दिसले, तर सावलीत थांबावे. बंद मोटारीत खोके ठेवून पाच मिनिटांसाठीही दुकानात जाऊ नये. रिकाम्या खोक्यात तापमापी ठेवून पंधरा मिनिटे उन्हात आणि पंधरा मिनिटे सावलीत नोंद घ्यायला मुलांना सांगावे. आकडे पाहिल्यावर वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

पक्ष्यांचे श्वसन फार कार्यक्षम असते. ऑक्सिजन जसा त्यांच्या रक्तात चटकन मिसळतो, तसा विषारी वायूही. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेले जात, ते याच कारणाने. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने ती कल्पना मांडली होती. कार्बन मोनॉक्साइडने माणसाला त्रास होण्याआधी पक्षी कोसळे. त्याला पुन्हा शुद्धीवर आणण्यासाठी ऑक्सिजनची नळकांडी बसवलेले पिंजरेही होते. ही प्रथा बंद करण्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला. म्हणून खोक्याजवळ सिगारेट, उदबत्ती, सुगंधी फवारा नको आणि सिग्नलला वाहनांच्या धुराड्याजवळ थांबणेही नको.

एक गोष्ट कायद्याची. आपल्याकडचे राघू आणि पहाडी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. जखमी राघू सापडला, तर वनविभागाला कळवावे. तोवर त्याला ठेवायला हेच खोके आणि हेच नियम.

जोडीतली मादी पुढच्या वर्षी आजारी पडली. त्या मुलीने तिला बुटांच्या खोक्यातून नेले, सोबत पिंजऱ्यातला कागद नेला. ती बरी होईल की नाही, हे त्या दिवशी डॉक्टरही सांगू शकत नव्हते. पण तिला तपासता आले, औषध देता आले.

आता आम्ही श्वसन शिकवताना माणसाच्या आकृतीशेजारी पक्ष्याची आकृती काढतो आणि टेबलावर एक रिकामी बाटली ठेवतो. त्याला पाच मिनिटे जास्त लागतात.