बाटलीच्या बुडावरचा आकडा

हॉस्टेलमध्ये मिनरल वॉटरची बाटली कुणी टाकून देत नाही. एकदा विकत घेतली की अख्खं सेमिस्टर चालते, कधीकधी वारसाहक्काने ज्युनिअरकडेही जाते. मग एक दिवस मेसेज फिरतो: प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी पिऊ नका, त्यात बीपीए असतं! अर्धा मजला घाबरतो, अर्धा हसतो. बाटली उलटी करून मात्र कुणीच बघत नाही.

बुडाला त्रिकोणात एक आकडा असतो. आपल्या बाटलीवर 1 असतो, म्हणजे पेट. ते इथिलीन ग्लायकॉल आणि टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिडपासून बनतं. बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए, त्याच्या कृतीत लागतच नाही. थोडक्यात, चोर सोडून संन्याशाला फाशी! बीपीएपासून बनतं ते पॉलिकार्बोनेट. कडक, काचेसारखं पारदर्शक. 20 लिटरचे बरेच जार याचेच असतात. त्यांच्या बुडाला 7 असतो आणि बहुतेकदा शेजारी ‘पीसी’. (नुसता 7 म्हणजे ‘इतर’, त्यावरून लगेच निकाल देऊ नका.)

बीपीए इस्ट्रोजेन या हॉर्मोनची नक्कल करतं, हे 1930च्या दशकातच कळलं होतं. पण खरी खळबळ उडाली ती एका धुण्याच्या घोळामुळे. 1998 साली अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या लॅबमध्ये उंदरांवर प्रयोग चालू होते. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्या कंट्रोल ग्रुपच्या माद्यांच्या बीजांडांतही अचानक क्रोमोसोमचे दोष दिसायला लागले. शोध घेतल्यावर कळलं, की पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या कुणीतरी चुकीच्या, तीव्र डिटर्जंटने धुतल्या होत्या. त्यामुळे प्लॅस्टिक खराब होऊन बीपीए सुटत होतं. 2003 साली हा पेपर छापून आला.

तेव्हापासून भांडण आहे ते ‘किती चालेल’ यावर. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 4 मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली होती. 2023 साली त्याच संस्थेने ती 0.2 नॅनोग्रॅमवर आणली. 20,000 पट कमी! 60 किलोच्या माणसाला दिवसाला फक्त 12 नॅनोग्रॅम. जर्मनीच्या सरकारी संस्थेला हे पटलं नाही. तिने काढलेला आकडा याच्या हजारपट मोठा आहे. आपल्या व्हायवात उत्तर हजारपटीने चुकलं तर काय होईल! पण इथे दोन्हीकडे अभ्यासू माणसं आहेत. रोगाआधी दिसणारा सूक्ष्म बदल ‘अपाय’ धरायचा की नाही, यावर त्यांचं मुख्यतः वाजतं. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये युरोपने अन्नाशी संबंध येणाऱ्या वस्तूंत बीपीएवर टप्प्याटप्प्याने बंदी मंजूर केली. मला हे योग्य वाटतं. पर्याय हाताशी असताना वाद मिटायची वाट कशाला बघायची?

मग पेट अगदीच निर्दोष का? तर नाही. ते बनवताना सहसा अँटिमनीचा कॅटॅलिस्ट वापरतात आणि तो थोडा आत राहतो. अ‍ॅरिझोनात झालेल्या अभ्यासात (2008) 60 अंशांवर पाण्यातलं अँटिमनी अमेरिकेच्या मर्यादेपलीकडे जायला 176 दिवस लागतील असं निघालं. 80 अंशांवर? फक्त 2.3 दिवस! वीसच अंशांचा फरक. म्हणजे साध्या पाण्याला काळजी नाही, पण गीझरचं कडकडीत पाणी किंवा टपरीवरचा चहा पेटच्या बाटलीत भरणाऱ्यांनी आता तरी स्टीलची बाटली घ्यावी.

आणि मेसच्या काकांना एक विनंती. जार परत भरण्याआधी सप्लायर तो कशाने धुतो, हे त्याला एकदा विचारा. कॉस्टिक आणि गरम पाणी असं उत्तर आलं, तर त्या जारच्या बुडावरचा आकडा आपण सगळे मिळून बघू.