घरच्या पेटीत तिवर



फतेगंजहून समुद्र दिसत नाही. पण मही नदी जिथे खंभातच्या आखाताला मिळते, तिथल्या खाऱ्या चिखलात तिवराची झाडे उभी आहेत. हेच झाड घरी, खिडकीजवळच्या काचेच्या पेटीतही वाढते. मुलांना हा छंद लावावा. त्यात मोठ्यांसाठीही एक धडा आहे.

तिवराचे बी झाडावर असतानाच आतून रुजू लागते. ते वनखात्याच्या रोपवाटिकेत विचारून मिळवावे, किनाऱ्यावरची झाडे तोडू नयेत. बी पाण्यात भिजवले की वरचे साल सुटते. मग ते चिखलावर हलके दाबावे, खोल पुरू नये. ऊन भरपूर द्यावे.

समुद्राच्या 1 लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पेटीला त्याच्या निम्मे पुरेत, म्हणजे 10 लिटरला 175 ग्रॅम. नुसते खाण्याचे मीठ चालत नाही. मत्स्यपेटीसाठी मिळणारे समुद्री मीठ घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून काचेवर खूण करावी आणि पाणी उतरले की खुणेपर्यंत गोडे पाणीच घालावे. दर वेळी 2 लिटर खारे पाणी घातले, तर पाच वेळांत 175 चे 350 ग्रॅम होतात. पेटीचा समुद्र होतो!

तिवर तेही सोसते. त्याची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात. उरलेले पानांवर पांढऱ्या कणांच्या रूपाने येते. घरात पाऊस नसल्याने पाने गोड्या पाण्याने धुवावीत.

भाताला, तुरीला मात्र ही सोय नाही. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे 1 ग्रॅमच क्षार धरा. एका एकरात 5 सेंटिमीटर पाणी दिले, की जमिनीत दोन क्विंटल क्षार पडतात. पाणी उडते, क्षार राहतात.

म्हणून किनाऱ्याकडे ज्यांची शेती आहे त्यांनी विहिरीचे पाणी व माती तपासून घ्यावी. पावसाचे गोडे पाणी बांध घालून शेतात मुरवावे, आणि मीठ विरघळलेले पाणी निघून जाण्यास चर ठेवावेत. निचरा नसेल, तर शेत म्हणजे काचेची पेटीच. आणि तिच्यात आपण तिवर नव्हे, धान्य लावलेले असते.