पट्टा कुणाचा, शिक्का कुणाचा

अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेर पडलं की आधी फ्लेक्स दिसतात. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, दहावीच्या गुणवंतांचे. आणि त्यांच्यात हटकून एखादा पांढऱ्या ड्रेसमधल्या, मूठ आवळून उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांचा. ‘आंतरराष्ट्रीय कराटे स्पर्धेत सुवर्णपदक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुक, हात जोडून. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत असे फ्लेक्स वर्षभर उगवत असतात. लोकलच्या चार स्टेशनांमध्ये एवढे आंतरराष्ट्रीय विजेते निपजतात कसे, असं मी एकदा संपादकांपुढे सहज बोलून गेलो. ते म्हणाले, जा आणि विचारून या.

विचारायचं कुणाला, ही पहिली पंचाईत. क्लासच्या पाट्या भरपूर आहेत. पाटीवर मूठ किंवा वाघ, आणि खाली वर्ल्ड, इंटरनॅशनल, युनियन, कौन्सिल, फेडरेशन हे पाच शब्द वेगवेगळ्या क्रमानं. कराटेची एक, किकबॉक्सिंगची दुसरी, दोन्हीची मिळून तिसरी. उल्हासनगरच्या मालावरचा ‘मेड इन यूएसए’, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा जुना विनोद इथे कुणालाही आठवेल. मला तो विनोद कधीच आवडला नाही. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडलेल्या माणसांनी शिलाई यंत्रांवर उभं केलेलं हे शहर आहे, त्याची अशी एका वाक्यात टर उडवणं सोपं आहे. पण शिक्का कुणाचा आणि माल कुणाचा हा प्रश्न कराटेच्या बाबतीत खरोखरच पडतो, आणि तो उल्हासनगरात जन्मलेला नाही. तो टोकियो, पॅरिस आणि बर्लिनमधून इथे आला आहे.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतांशी बैठका आणि फाटाफुटींचा आहे. १९७० मध्ये टोकियोत कराटेची पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्याच सुमारास ‘वुको’ ही जागतिक संघटना उभी राहिली. तिचे अध्यक्ष फ्रान्सचे जाक देलकूर. चारच वर्षांत हिदेताका निशियामा यांनी वेगळी संघटना काढली आणि खरं कराटे कुणाचं, या वादात पुढची वीस वर्षं गेली. १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं वुकोला मान्यता दिली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तीच संघटना ‘वर्ल्ड कराटे फेडरेशन’, म्हणजे डब्ल्यूकेएफ झाली. आज तिचं मुख्यालय माद्रिदला आहे आणि १९९८ पासून अध्यक्षपदी स्पेनचेच अंतोनिओ एस्पिनोस आहेत. हे झालं स्पर्धेच्या कराटेचं. शैलींची घराणी निराळी, त्यांच्या वाटण्या निराळ्या. क्योकुशिन कराटेचे संस्थापक मास ओयामा १९९४ मध्ये वारले आणि त्यांच्या संघटनेची शकलं झाली. कितीतरी वर्षं एकाहून अधिक गट तेच नाव लावत होते. गुरू गेल्यावर शिष्यांत गादीवरून भांडण होणं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

किकबॉक्सिंगचं घराणं आणखी तरुण. अमेरिकेत १९७४ मध्ये पीकेए या संघटनेनं पूर्ण ताकदीनं मारण्याच्या कराटेच्या लढती टीव्हीवर आणल्या. कोरियन वंशाच्या जून री यांनी फोमचे हातमोजे आणि पायमोजे बनवले नसते तर तो प्रकार फार दिवस टिकला नसता, असं मला वाटतं. संघटनांच्या इतिहासात अध्यक्षांचे फोटो असतात, फोमचा नसतो. ते वारं बर्लिनला पोचलं आणि गेऑर्ग ब्रुकनर यांच्या पुढाकारानं ‘वाको’ ही किकबॉक्सिंगची जागतिक संघटना स्थापन झाली. १९७८ मध्ये तिची पहिली जागतिक स्पर्धा बर्लिनलाच झाली. तीही पुढे दुभंगली, पुन्हा जुळली. व्यावसायिक लढतींसाठी डब्ल्यूकेए, इस्का अशा वेगळ्या संघटना आल्या, जपानात १९९३ पासून के-वनचा तमाशा सुरू झाला. वाकोला ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली ती थेट जुलै २०२१ मध्ये.

एवढं टिपून घेऊन मी बदलापूर पश्चिमेला एका शाळेच्या सभागृहात जाऊन बसलो आणि मग माझा वेळ तिथेच गेला.

बाकं भिंतीला लावलेली, मधे लाल-निळ्या फोमच्या चौकोनी मॅट दातात दात अडकवून पसरलेल्या. पोरं ‘इची, नी, सान, शी’ असं ओरडत ठोसे मारत होती. शिकवणारे सर पन्नाशीचे. दिवसा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायचं काम, संध्याकाळी क्लास. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना नुसतं सर म्हणतो. इथे सगळे तसंच म्हणतात. ते शिकवतात छान, पण त्यांचा खरा जीव शिकवण्यात नाही. तो पंचगिरीत आहे.

कराटेच्या लढतीत मॅटवर मधे एक मुख्य पंच उभा असतो आणि चार कोपऱ्यांत चार पंच बसतात, कोपऱ्यातल्या प्रत्येकाच्या एका हातात लाल झेंडा, दुसऱ्यात निळा. एका खेळाडूच्या कमरेला लाल पट्टा, दुसऱ्याच्या निळा. हे मला नवीन होतं. वर्षानुवर्षं घाम गाळून मिळवलेला काळा पट्टा लढतीआधी सोडून ठेवायचा आणि सगळ्यांसारखा लाल किंवा निळा बांधायचा. ‘मग तो मिळवायचा कशाला?’ मी विचारलं. सर हसले. ‘पट्टा देतो गुरू, नाहीतर शैलीची संस्था. फेडरेशन स्पर्धा घेतं, नियम करतं, पंच तयार करतं. ह्या दोन दुकानांचे मालक वेगळे आहेत, हेच पालकांना कुणी सांगत नाही.’

ठोसा बसला तर एक गुण, पोटावर किंवा पाठीवर लाथ बसली तर दोन, डोक्यावर लाथ बसली किंवा पाडून मारलं तर तीन. आठ गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच संपते. पण ‘बसला’ म्हणजे काय, यात सगळी गोम आहे. मारण्यात जोर हवा, अंतर बरोबर हवं, वेळ साधलेली हवी, मारल्यानंतरही लक्ष समोरच्यावरच हवं. आणि एवढं सगळं करून चेहऱ्यापाशी हात आवरायला हवा. लहान वयोगटांत तर मुठीनं चेहऱ्याला स्पर्श झाला तरी ताकीद मिळते. आपण नीट मारलं या आनंदात तोंड फिरवून आईकडे पाहिलं तर गुण गेला. हे सगळं चार कोपऱ्यांतल्या चौघांनी डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवायचं, आणि निदान दोघांचे झेंडे एका बाजूला पडल्याखेरीज गुण नाही. झेंडा तिरपा खाली म्हणजे एक, खांद्याच्या रेषेत आडवा म्हणजे दोन, तिरपा वर म्हणजे तीन. मोठ्या स्पर्धांत आता व्हिडिओ पाहून दाद मागता येते, पण बदलापुरात कोपऱ्यात बसलेल्या माणसाचा डोळा हाच व्हिडिओ.

सरांनी यावर स्वतःची युक्ती काढली आहे. दर शुक्रवारी ते मुलांनाच पंच करतात. चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुर्च्या, चार पोरं. मी गेलो त्या दिवशी दहाएक वर्षांची एक मुलगी बसली होती आणि लढणाऱ्यांत तिचा सख्खा भाऊ होता. निळ्या पट्ट्याच्या पोरानं भावाच्या पोटात लाथ घातली. तिनं निळा झेंडा आडवा धरला. उरलेल्या तिघांपैकी एकाचाच हात उठला, पण दोन पुरले. भाऊ मॅटवरूनच ‘घरी चल’ असं पुटपुटला आणि त्याला सरांनी ताकीद दिली. मग लढत थांबवून ते ज्यांचे झेंडे उठले नाहीत त्या दोघांकडे गेले. तुला काय दिसलं? पाठ आडवी आली का? मग दिसलं नाही तर हात उचलायचा नाही, हे बरोबर केलंस. या प्रश्नोत्तरांत दहा मिनिटं गेली. बाहेर उभे असलेले वडील घड्याळ पाहत होते.

मला वाटतं जागतिक संघटनेचं मोल मोजायचं तर इथे मोजावं. ‘हाजिमे’ म्हटलं की सुरू, ‘यामे’ म्हटलं की थांब, हे कैरोतल्या मुलीला आणि बदलापुरातल्या मुलीला एकाच क्षणी कळतं. नियम बदलला तर तो दोघींसाठी बदलतो. सर पंचांच्या पुढच्या परीक्षेची तयारी करताहेत. लेखी पेपरात बरोबर-चूक असे प्रश्न असतात, मग प्रत्यक्ष मॅटवर बसवतात. त्यांच्या इंग्रजी नियमपुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं मराठीत बारीक टिपणं आहेत.

त्यांनी मला ७ ऑगस्ट २०२१ ची लढत फोनवर दाखवली. त्या दिवशी सगळा भारत नीरज चोप्राचा भाला पाहत होता. टोकियोतच, निप्पोन बुदोकानमध्ये, ऑलिंपिक कराटेच्या पुरुषांच्या वरच्या वजनगटाची अंतिम लढत चालू होती. सौदीचा तारेग हामेदी ४-१ नं पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्यात इतक्या जोरात बसली की तो बेशुद्ध पडला. पंचांनी अतिरेकी जोर ठरवून हामेदीला बाद केलं. गंजजादेला स्ट्रेचरवरून नेलं, शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की सुवर्ण आपलं. जगानं थट्टा केली. सर मात्र व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवत राहिले. ‘नियमानं बरोबर आहे. आवरता आलं नाही, तर तो खेळ नव्हे.’ मला ते पटलं आणि तरी हामेदीचा चेहरा बघवेना. २०२४ च्या पॅरिसमध्ये कराटे नव्हतं, २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्येही नाही.

हे झालं मॅटवरचं. मॅटच्या बाहेर पालकांचा प्रश्न एकच: ‘सर, सर्टिफिकेट चालतं ना?’

या प्रश्नाला कारण आहे. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयापासून महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. त्यासाठी प्रमाणपत्राची विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात पडताळणी होते. खेळ कोणता, पातळी कोणती, आणि स्पर्धा घेणारी संघटना मान्यताप्राप्त होती का, हे तिथे पाहिलं जातं. मान्यतेची साखळी क्लासपासून जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि मग जागतिक संघटनेपर्यंत जाते, आणि वरची एक कडी निखळली की खालच्या पोराच्या हातात कागद उरतो. हे काल्पनिक नाही. २०२० च्या जानेवारीत भारतीय ऑलिंपिक संघटनेनं कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता काढली, जूनमध्ये जागतिक महासंघानंही. गटबाजी हे कारण. पुढे कराटे इंडिया ऑर्गनायझेशन या नव्या संस्थेला जागतिक मान्यता मिळाली. दरम्यान कुणाच्या सहीचा कागद खरा, हे क्लास चालवणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. पोरांनी मात्र लाथा त्याच मारल्या होत्या.

आणि फ्लेक्सवरच्या सुवर्णपदकांचं गणित? ते सरांनी खडूनं फळ्यावर मांडलं. वयाचे गट पाडा. प्रत्येक वयात वजनाचे गट पाडा. काही संस्था पट्ट्याच्या रंगाचेही गट पाडतात. कराटेत कांस्यपदकं दोन असतात. गटात चारच मुलं उरली की चौघांनाही पदक, आणि पाचवं नसल्यामुळे कुणी रडत घरी जात नाही. शेजारच्या एखाद्या देशातून चार मुलं आली की स्पर्धा आंतरराष्ट्रीय. प्रवेश फी मात्र प्रत्येकाची वेगळी, आणि कुमिते (लढत) नि काता (ठरावीक हालचालींचा क्रम) दोन्हींत उतरायचं तर दोनदा. यात मला पोरांची चूक दिसत नाही, पालकांचीही फारशी नाही. अशा दोन स्पर्धांना सरांनीही मुलं नेली आहेत. ‘नाही नेलं तर पोरं दुसऱ्या क्लासला जातात,’ एवढंच ते म्हणाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. संघटनांना मान्यता देणारं मंडळ आणि वाद ऐकणारं न्यायाधिकरण त्यात आहे. कागदावर तो चांगला आहे. पण एका खेळाची एकच संघटना हा नियम २०११ च्या क्रीडा संहितेतही होता, आणि तो असतानाच हे सगळं झालं. शिवाय कायदा शिखरावरच्या संस्थेला हात घालतो. गल्लीत ‘वर्ल्ड’ नावाची पाटी लावायला मंडळाची परवानगी लागत नाही.

सरांच्या क्लासमध्ये मुलींची संख्या वाढली आहे, ती वेगळ्याच कारणानं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघड झाली, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि त्यानंतर सरांकडे आया आल्या. त्यांना पदक नको होतं, फेडरेशनचं नाव त्यांनी विचारलंही नाही. सरांची अडचण अशी की त्यांचा सगळा अभ्यास हात आवरण्याचा, आणि या बायकांना हात न आवरणं शिकवायला हवं होतं. त्यांनी वेगळा तास सुरू केला: मनगट सोडवणं, ओरडणं, पळणं, घरी येऊन सांगणं. त्यात इची-नी-सान नाही, पट्टा नाही, परीक्षा नाही, फी निम्मी. ‘पण चार-पाच वर्षांच्या लेकराला मी काय शिकवू?’ ते म्हणाले. ‘तिथे शाळेनं नीट राहायला हवं.’ जगातल्या कुठल्याही कराटे महासंघाच्या नियमपुस्तकात या तासाला जागा नाही. मला तो त्यांच्या क्लासमधला सर्वांत गरजेचा तास वाटला.

मी निघालो तेव्हा दाराशी एक बाई दोन परिपत्रकं घेऊन उभ्या होत्या. एकाच रविवारी एक स्पर्धा उल्हासनगरला, एक कल्याणला, दोन वेगळ्या संघटनांच्या, आणि एकीत खेळलेल्याला दुसरीत घेणार नाहीत असं दोन्हींवर छापलेलं. सरांनी दोन्ही कागद उजेडाला धरून वाचले. मग विचारलं, ‘ताई, वजन किती आहे आता त्याचं?’ एकोणतीस, म्हणाल्या. कल्याणच्या स्पर्धेत तीस किलोखालच्या गटात चांगली सोळा पोरं येतात, उल्हासनगरला तीन. ‘कल्याणला न्या,’ सर म्हणाले. ‘हरेल बहुतेक पहिल्याच लढतीत. फी भरायच्या आधी एवढं त्याला सांगून ठेवा.’